निवृत्तीनंतरचा वेळ : जमा आणि खर्च

(संस्थेच्या वार्षिक समारंभात, सेवानिवृत्त शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी मजकूर वाढविला आहे.)





आपल्याला शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, आपल्याविषयी चार चांगले शब्दही बोलले गेले. अशा समारंभात एक वाक्य हमखास असते, 'आता यांनी सुखाने विश्रांती घ्यावी.' माझ्या आधीच्या दोन वक्त्यांनी ते म्हटले आहे. मी म्हणणार नाही. २००९ साली माझ्या निरोप समारंभात ते मलाही सांगण्यात आले होते, आणि मी सरकारी नोकर असल्यामुळे तो आदेश समजून त्याची पुरी सव्वा वर्ष अंमलबजावणी केली. तिचा खर्च किती आला आणि तो कोणी सोसला, तेवढे आज आपल्याला सांगावे म्हणून उभा आहे.

मी शिक्षक नव्हे. माझी ३६ वर्षांची सगळी नोकरी कोषागारात गेली. कोषागार म्हणजे पैशाचे घर अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते कागदाचे घर. आपल्या शाळेतून पगाराचे देयक घेऊन शिपाई यायचा, आम्ही देयक ठेवून घ्यायचो आणि त्याच्या हातात नंबर कोरलेले एक पितळी टोकन द्यायचो. ते टोकन मुठीत धरून तो बाकावर बसून राही. आत आम्ही नोंदी तपासत असू, बाहेर दहा-पंधरा मुठींत दहा-पंधरा टोकने. डोके दुखत असो, घरी पाहुणे असोत, बाकावरचा माणूस दिसला की हात आपोआप चालायचा. आता तो व्यवहार संगणकावर गेला आणि पितळी टोकने इतिहासजमा झाली. मला मात्र त्यांचा अर्थ खुर्ची सोडल्यावर कळला.

आधी हिशेब मांडतो, कारण जुनी खोड जात नाही. शाळा असो वा कचेरी, जाणेयेणे धरून दिवसाचे दहा तास जातात. वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले तर २,८०० तास. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान ३२ वर्षे होते, आज ते ७० च्या घरात आहे. त्या सरासरीत बालमृत्यूही येतात. ज्याने साठी गाठली तो साधारणपणे आणखी सतरा-अठरा वर्षे काढतो. सतराच धरा. म्हणजे ४७,६०० तास आपल्या खात्यावर नव्याने जमा झाले. माझ्या ३६ वर्षांच्या नोकरीचे तास भरतात १,००,८००. म्हणजे ज्या काळाला आपण 'आता काय राहिले' म्हणतो, तो नोकरीच्या जवळजवळ निम्मा आहे. एवढी रक्कम कोणाच्या हाती आली तर तो बँकेत चार वेळा विचारपूस करील. वेळेच्या बाबतीत कोणी विचारत नाही.

आणि या खात्याचा नियम कडक आहे. सरकारी अनुदान ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाही तर व्यपगत होते, हे मुख्याध्यापकांना मी सांगायला नको. मार्चअखेरच्या आठवड्यात आपण कशी धावपळ करता, तेही मी खिडकीच्या आतून पाहिले आहे. वेळेचे अनुदान रोज रात्री व्यपगत होते. ते पुढील वर्षी ओढता येत नाही, एका शीर्षातून दुसऱ्यात टाकता येत नाही.

हे सगळे मला ठाऊक असून मी काय केले? पहिले दोन महिने छान गेले. पाहुणे झाले, रत्नागिरीला जाऊन आलो, दाढीचे कपाट लावले. तिसऱ्या महिन्यात मी घराचे लेखापरीक्षण सुरू केले. तांदळाचा डबा उघडा का, गॅस एवढा मोठा का, भाजीवाल्याला सुटे का दिले नाहीत. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे घर ३० वर्षे माझ्यावाचून उत्तम चालले होते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. दिवसातून चार वेळा चहा मागायचो. एक दिवस पत्नीने चौथा कप समोर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही ऑफिसातून रिटायर झालात. मी अजून ड्युटीवर आहे."

सत्कारमूर्ती बंधूंनी हे वाक्य आजच लिहून ठेवावे. घरात कोणीतरी कधीच निवृत्त होत नाही. आपला रिकामा वेळ त्या माणसाच्या भरलेल्या वेळावर जाऊन पडतो.

नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५५ साली एका साप्ताहिकात लेख लिहिला. काम हे त्याला मिळालेल्या वेळेइतके पसरत जाते, हा त्याचा सिद्धांत जगभर गाजला. लेख सरकारी खात्यांवर होता, त्यामुळे आमच्या खात्यात तो गमतीने सांगितला जाई. पण त्याची सुरुवात कचेरीतली नाही. एक रिकामी वृद्ध बाई आपल्या भाचीला कार्ड पाठविते, एवढाच तो प्रसंग. कार्ड शोधण्यात तास, चष्मा शोधण्यात तास, मग पत्ता, मग मजकूर, मग पेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नाही याचा विचार. दिवस संपतो आणि बाई थकते. तरुणपणी ही गोष्ट सांगून मी वरिष्ठांवर हसलो होतो. निवृत्तीनंतर ती बाई मी होतो. वीजबिल भरणे हा माझा एका दिवसाचा कार्यक्रम होता. पेन्शन जमा झाली का ते पाहायला बँकेत जाणे हा दुसऱ्या दिवसाचा. आणि विशेष असे की मला या काळात कधी वेळ नव्हता. कोणी काही सांगितले की मी खरोखरच म्हणायचो, "आज जरा गडबड आहे."

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जाते.

२०१० च्या जूनमध्ये आमच्या मोहल्ल्यातला, लाँचवर काम करणारा एक माणूस माझ्याकडे आला. त्याची मुलगी बारावी विज्ञान पास झाली होती आणि तिला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला पाहिजे होता. त्याला कचेरीची वाट माहीत नव्हती, माझे आयुष्य त्या वाटेवर गेले होते. "चाचा, एवढा अर्ज लिहून द्या, आणि जमले तर एकदा बरोबर या." मी म्हटले, "संध्याकाळी ये." संध्याकाळी तो आला तेव्हा मी दुसऱ्या घरी गप्पा मारीत होतो. दोन दिवसांनी दुपारी आला, मी झोपलो होतो, उठविले नाही म्हणून परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी बाजारात छत्री दुरुस्त करायला गेलो होतो. छत्रीची एक काडी मोडली होती. ते काम पंधरा मिनिटांचे. मी चार वाजेपर्यंत तिथेच बसलो होतो.

त्या मुलीनेही कागदपत्रे आणून ठेवली होती. माझ्या टेबलावर, पेपरवेटखाली. शेवटी मी अर्ज लिहिला, बरोबर गेलो, साहेबांना ओळखही सांगितली. पण दाखल्याला ठरावीक दिवस लागतात, ओळखीने शिक्का लवकर पडला तरी तपासणी लवकर होत नाही. दाखला हाती आला तेव्हा अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते. पुढच्या वर्षी करू, असे मी म्हणालो. पुढच्या वर्षी तिचे वडील आजारी पडले आणि ती शिवणकाम करू लागली. माझे मित्र समजूत घालतात की तिला प्रवेश मिळालाच असता असे कुठे आहे? खरे आहे, कदाचित मिळालाही नसता. पण तिला रांगेत उभे राहता आले नाही, ते माझ्यामुळे. ती आजही रस्त्यात भेटली की सलाम करते. कधी एका शब्दाने बोलली नाही.

मी खूप विचार केला की हे झाले कसे? मी आळशी माणूस नव्हे. ३६ वर्षांत माझ्या टेबलावर देयक विनाकारण तीन दिवस पडून राहिले नव्हते. मग पेपरवेटखाली हे कागद का राहिले? उत्तर मला त्या बाकात सापडले. कचेरीत माणूस टोकन घेऊन समोर बसलेला असे. घरी तो दारातून परत गेला, की माझ्यापुरता नाहीसा होई. तीच वही, तेच पेन, तेच डोळे, पण बाकावर कोणी नाही. मित्रहो, निवृत्तीत आपला वेळ वाढतो आणि आपली वाट पाहणारे कमी होतात, ही खरी अडचण आहे. म्हणून 'वेळापत्रक करा, छंद लावून घ्या, बाग करा' हा उपदेश मला अपुरा वाटतो. मी चार वेळापत्रके केली होती. गुलाब आपल्यावर रागावत नाही आणि वेळापत्रक कपाटाच्या दारामागे लटकून राहते. आपल्या नावाचे टोकन कोणाच्या तरी मुठीत असावे लागते.

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याच भागातले, दापोली तालुक्यातील मुरुडचे. १९१४ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि महिला विद्यापीठ निघाले ते १९१६ साली. हे सर्वांना ठाऊक असते. मला त्याहून मोठी वाटते ती १९३६ सालची गोष्ट. तेव्हा त्यांचे वय ७८ होते. विद्यापीठ उभे राहिले होते, नाव झाले होते. त्या वयात त्यांनी ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ सुरू केले. विद्यापीठ काढणारा माणूस अक्षरे गिरविण्याच्या शाळेकडे वळला, कारण तिथे पोरे खोळंबली होती.

दुसरे नाव सलीम अली यांचे. ते कधी निवृत्तच झाले नाहीत, म्हणून उदाहरण चुकीचे असे कोणी म्हणेल. पण ऐन उमेदीत त्यांच्यावर सक्तीची निवृत्ती आली होती. १९३० मध्ये ते जर्मनीहून शिकून परतले तेव्हा मुंबईतली त्यांची जागा पैशाअभावी बंद झाली होती. ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते तिच्यासमोर तासन्‌तास बसले आणि रोज नोंदी केल्या. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर राहते, मग नर ते पुरे करून दुसरे विणायला घेतो, हे सारे त्या नोंदींतून जगासमोर आले. बेकारीचे ते दिवस त्यांचे नाव करून गेले. पुढे भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या दहा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. शेवटचा निघाला १९७४ साली. आत्मचरित्र १९८५ साली. आपल्यापैकी किती जणांनी साठीनंतर रोज चार ओळी लिहिल्या असतील? मी तरी पेपरातल्या कोड्यापलीकडे काही लिहीत नव्हतो.

ही मोठी माणसे. आपण टेबल-खुर्चीची माणसे. म्हणून मी टेबलच मांडले.

२०११ च्या जानेवारीत मी संस्थेच्या सचिवांना विनंती केली की शाळेच्या वाचनालयातला एक कोपरा मंगळवारी आणि शनिवारी चार ते सहा मला द्यावा. बाहेर पाटी लावली, 'अर्ज, दाखले, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन : मोफत मदत'. पहिल्या तीन आठवड्यांत कोणीही आले नाही. मी बसून राहिलो. चौथ्या आठवड्यात एक आजी मनीऑर्डरचा फॉर्म भरून घ्यायला आल्या. पुढे एक निवृत्त पोस्टमास्तर जोडले गेले, मग एक बँकेतले रोखपाल, मग आपल्याच शाळेच्या एक माजी मुख्याध्यापिका. प्रत्येकाने आपापला विषय घेतला. पोस्टमास्तरांकडे बचतीचे कागद, रोखपालांकडे खात्यांची भांडणे, बाईंकडे शिष्यवृत्ती आणि मुली.

एक काम सांगतो. एसटीतील एका चालकाचे निधन झाले. पत्नीला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून पेन्शन मिळायची होती. एका कागदावर तिचे माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर नावापुढे 'बी' जोडलेले. आपल्या समाजात हे घरोघरी आहे. लग्नात कोणी नावाचा विचार करीत नाही आणि तीस वर्षांनी एक अक्षर भाकरी अडवते. प्रतिज्ञापत्र, निकाहनामा, ओळखपत्रातील दुरुस्ती, असे करीत सात महिने गेले. रक्कम फार नाही. या योजनेत किमान पेन्शन २०१४ च्या सप्टेंबरपासून दरमहा १,००० रुपये ठरली आहे, तिची त्याहून थोडी जास्त बसली. पण त्या सात महिन्यांत एकही मंगळवार मी चुकविला नाही, कारण ती सव्वाचारला येऊन बसलेली असे. माझी प्रकृती, माझी छत्री, माझी दुपारची झोप, सगळे तिच्यामुळे आपोआप जागेवर आले.

दिवसाच्या आखणीविषयी थोडेच बोलतो. आपल्या घरांतून दिवसाचे पाच खुंट आधीच ठोकलेले असतात. फजरनंतरचा तास-दीड तास हा सर्वांत निर्मळ वेळ, पुन्हा झोपून तो घालवू नये. लिहिणे-वाचणे, डोक्याचे काम तेव्हाच उरकावे. जोहरच्या आधी बाहेरची कामे. मात्र लोकांना वेळ देताना 'मगरिबनंतर या' असे सांगू नये, हा माझा अनुभव. आपल्याकडे डिसेंबरात मगरिब सहाच्या सुमारास होते आणि जुलैत सव्वासातला. एवढ्या अंतरात माणसे चुकामूक होऊन परत जातात. घड्याळाचा आकडा सांगावा. रमजानमध्ये आम्ही टेबल सकाळी अकराला लावतो. आणि दिवसातले दोनच तास असे द्यावेत. सगळा दिवस लोकांना देणारा माणूस महिन्याभरात चिडखोर होतो, हेही मी एकाच्या बाबतीत पाहिले आहे.

आज ज्या शिक्षिका भगिनी निवृत्त होत आहेत त्यांच्यासाठी मात्र माझा सल्ला उलटा आहे. त्यांची वाट पाहणारे कमी होत नाहीत, वाढतात. मुलगा म्हणतो, आई आता मोकळी आहे, सून म्हणते, बाळाला सांभाळायला आता चिंता नाही. नातवंडे डोळ्यांपुढे असावीत, हे सुखच आहे. पण ३० वर्षे गणित शिकविलेल्या बाईंनी आपले दोन तास घरच्यांकडून आधीच मागून घ्यावेत. नंतर ते मिळत नाहीत. आमच्या टेबलावरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मुलाला सांगितले, "मंगळवार-शनिवार माझी शाळा आहे." मुलगा म्हणाला, "पगार नाही, मग शाळा कसली?" त्या म्हणाल्या, "हजेरी आहे ना!"

आणि ज्यांना पेन्शनच नाही, त्यांना मी मोफत सेवेचा उपदेश करणार नाही. आपल्याकडे आखातातून परतलेले, जहाजावरून उतरलेले कितीतरी लोक आहेत. त्यांच्या निवृत्तीला निरोप समारंभ नसतो. पन्नाशीत एके दिवशी व्हिसा संपतो आणि माणूस बॅग घेऊन घरी येतो. त्याने आधी कमाईची सोय पाहावी. पण वीजतंत्र, वातानुकूलन, क्रेन यांतले त्यांचे कसब गावात वाया जाते आहे. शाळेने अशा माणसाला मानधन देऊन आठवड्यातून एक तास मुलांपुढे उभे करावे. विश्वस्तांनी याचा विचार करावा.

विश्वस्तांचा विषय निघालाच आहे तर लहान तोंडी मोठा घास घेतो. निवृत्त माणसाला संस्थेत पद देऊ नका, काम द्या. पद दिले की तो सभा बोलावतो. काम दिले की तो वेळेवर येतो. मला स्वतःला दोनदा पदाविषयी विचारणा झाली, आणि दोन्ही वेळा मोह झाला, हे कबूल करतो.

पैशाविषयी एकच सांगतो, कारण तो विषय वेळेशी जोडलेला आहे. उपदानाची आणि अंशराशीकरणाची रक्कम हाती येते त्याच महिन्यात तिच्या वाटण्या करू नका. अंशराशीकरण केल्यावर कापलेली पेन्शन १५ वर्षांनी पूर्ववत होते, ती तारीख वहीत लिहून ठेवा, कारण त्या वेळी विचारायला जायचे आपल्यालाच. पैशाच्या काळजीत गेलेला वेळ कोणाच्याच कामी येत नाही.

नोव्हेंबर महिना आला की आमच्या टेबलावर हयातीच्या दाखल्यांची गर्दी होते. कोणी बँकेत यादीवर सही करायला जातात, कोणी २०१४ पासून सुरू झालेल्या जीवन प्रमाणने घरून काम करतात. म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्राला कळत नाहीत, मग आता निघालेली चेहऱ्याची ओळख वापरावी लागते आणि त्याला मोबाइल जाणणारा कोणी लागतो. आमच्या पोस्टमास्तरांचे गेल्या वर्षी निधन झाले. रोखपालांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, त्यांना एक महिना वाचता येणार नाही. म्हणजे टेबलाच्या दोन खुर्च्या सध्या मोकळ्या आहेत. मंगळवार, चार वाजता, वाचनालयाच्या खिडकीजवळ. चष्मा आणि पेन आपले आपण आणावे. चहा मी पाजीन, तो बाहेरच्या टपरीवरचा, घरून मागवीत नाही.